जखमीची सही

४ ऑगस्ट

ती. मावशी,

नमस्कार एवढाच. साष्टांग घालायला वाकवत नाही, रागाने पाठ ताठ झालीये.

माझी नोकरी गेली. म्हणजे मला काढलं नाही, मीच म्हणे स्वतःहून सोडली! सोमवारी सकाळी प्रयोगशाळा उघडायला गेले तर दाराला नवीन कुलूप. शिपाईमामा मान खाली घालून म्हणाले, "बाई, सरांनी आधी ऑफिसात बोलावलंय." आत आपले मुख्याध्यापक, म्हणजे तू नाव ठेवलेला साखरतोंड्या. म्हणाला, "बाई, तुमचा राजीनामा व्यवस्थापनाने मंजूर केला. फार जड मनाने हं. शेवटी शाळा म्हणजे एक कुटुंब." मी विचारलं, "कुठला राजीनामा?" तर म्हणे, "असं काय करता? माझ्यासमोर तर सही केलीत!"

एकोणीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेत बाटल्या भरल्या, नळ्या धुतल्या. मी मेले तरी राजीनामा द्यायची नाही, हे तुला ठाऊक आहे. माझा गुन्हा एकच. विषारी वायू बाहेर सोडायचं ते काचेचं कपाट आठवतंय ना, वर-खाली सरकणाऱ्या जड काचेचं? ती काच ज्या दोरीवर लटकते, त्या दोरीच्या जागी यांनी सुतळी बांधून ठेवलीये. पोरं त्या काचेखाली हात घालतात. इथे सांगून जीभ झिजली, म्हणून मी तपासनीस कार्यालयाला कळवलं. तपासणी होणार असं पत्र शाळेत आलं आणि चौथ्या दिवशी माझा राजीनामा जन्माला आला.

मला सूड घ्यायचाय, मावशी. पहिल्या दिवशी सुचलं ते सांगते. आमच्या कपाटात सिल्व्हर नायट्रेटची बाटली आहे. दिसायला पाणी, पण कातडीला लागलं की काळं पडतं आणि दहा दिवस साबणाला दाद देत नाही. त्याच्या खुर्चीच्या हातांवरून एक बोळा फिरवायचा. कुटुंबप्रमुखाचे हात काळे! पण मेल्याने कुलूप बदललंय.

तू त्या ऑफिसात एकतीस वर्षं हेडक्लार्क होतीस. तिथली खुंटी न् खुंटी तुला माहीत. याला कुठे धरला म्हणजे दुखेल, तेवढं सांग. फोन तुला ऐकू येत नाही, आणि लेकीला यातलं काही कळू द्यायचं नाही, म्हणून या वेळी तिच्या हातून न लिहवता मीच लिहितेय.

तुझी,
रागाने फुटायला आलेली चिंगी


१० ऑगस्ट

चि. चिंगीस,

आशीर्वाद, आणि सोबत थोडी समजूत, तीही फुकट.

आधी हे सांग, तुझ्या अक्षराला काय झालं? कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावर फिरली म्हणावं, तर कोंबडीसुद्धा ओळ सोडून इतकी भरकटत नाही. शाळेत तुझ्या सुवाच्य अक्षराला बक्षीस होतं. राग आला तरी माणसाने अक्षर सोडू नये.

आता कामाचं. खुर्चीला बोळे फिरवणं बंद. त्याच्या चौकशीत तुझीच नोकरी खरोखर जाईल. राजीनाम्याची नक्कल लेखी अर्ज देऊन माग आणि आपल्या प्रतीवर पोच घे, शिक्क्यासकट. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. न्यायाधिकरणात दाद मागायला तीस दिवस असतात. एकतिसाव्या दिवशी गेलीस तर दारातला शिपाईसुद्धा ओळख देणार नाही.

पण माझं ऐकशील तर एवढं टोकाला जाऊ नकोस. त्याला एकटा गाठ, गोड बोल, पदरात काही पडतंय का बघ. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. सहीचं म्हणशील तर माणूस जन्मात शंभर कागदांवर सह्या करतो, सगळ्या कुठे लक्षात राहतात? मिटवून टाक.

माझी तब्येत ठीक. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून डब्यात ठेवलंय.

मावशी


१९ ऑगस्ट

ती. मावशी,

मला पाण्यातून उचलून बाहेर फेकलंय. आता माशाशी वैर करायला कुणाची भीती?

गोड बोलायला मी गेले नाही. अर्ज दिला, पोच घेतली, नक्कल मिळाली. कर्मचारी संघटनेच्या वकीलबाईंना भेटले, तिसाव्या दिवसाच्या कितीतरी आधी दावा दाखल झाला. एवढं तुझं ऐकलं.

आणि आता जे दीड वर्षं तुझ्यापासून लपवलं ते सांगते. तू म्हणालीस कोंबडी. कोंबडी नाही गं, तो माझा डावा हात आहे.

दीड वर्षापूर्वी, गुरुवारी दुसऱ्या तासाला ती काच पडली. खाली माझा उजवा पंजा होता. दोरी विरलीये म्हणून मी त्याआधी दोनदा लेखी दिलं होतं, तर त्यांनी सुतळीची गाठ मारून दिली होती. ती तुटली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं आता मिटत नाहीत. साखरतोंड्या स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "डॉक्टरांना सांगा, घरी खिडकी पडली. शाळेत नोंद झाली तर चौकशी होईल, वरचे लोक तुम्हाला कामाला अपात्र ठरवतील. मी आहे ना!" मी मान डोलावली. तेव्हापासून काचेला पुन्हा सुतळीच, आणि माझा हात कोटाच्या खिशात. डाव्या हाताने बाटल्यांवर नावं लिहायला शिकले, हजेरीपटावर सही करायला शिकले. त्याने पुन्हा एकदाही विचारलं नाही, बाई, हात कसा आहे? उलट एकदा सगळ्या शिक्षकांसमोर बाटली उचलून म्हणाला, "हे अक्षर कुणाचं? बालवाडीतून कुणी भरती केलंय का?" सगळे हसले. मीही हसले, ते मला अजून टोचतं.

तुलाही अक्षर दिसलं, मावशी, आणि तूही कारण नाही विचारलंस.

असो. नक्कल बघ, सोबत जोडलीये. टाइप केलेल्या चार ओळी. तारीख पेनाने टाकलेली, २८ जुलै. आणि खाली सही माझीच. खोटी नाही, अगदी माझी, गोल आणि वळणदार, खाली ती माझी ऐटबाज रेघ. ज्या हाताने ती केली त्या हातात आता सुरी ठरत नाही. वकीलबाईंच्या टेबलावरच मी रडले. इतकी सुंदर सही करायचे मी.

म्हणजे हा कागद माझा हात धड होता तेव्हाचा आहे. कधीचा? आठव ना. नेमणुकीच्या दिवशी तुझ्याच टेबलाशी बसून मी कागद भरले होते.

चिंगी


९ सप्टेंबर

मावशी,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर आठव्या दिवशी येतं, मग नवव्या दिवसाला मला सगळं आठवायला लागलं. तुझं टेबल, काचेखाली देवाची तसबीर, तुझ्या बांगड्यांचा आवाज. एकावर एक कागद, आणि तुझं बोट दाखवतंय, इथे सही, इथे सही.

"मिटवून टाक," असं लिहिलंस तू मला. माझी काळजी म्हणून लिहिलंस असं मी समजले!

खरं काय ते लिही. नाहीतर लिहूच नकोस.


१३ सप्टेंबर

चि. चिंगी,

काय लिहू? तुझ्या हाताचं वाचलं आणि जेवणाचं ताट तसंच सारलं. मुलगा विचारतो काय झालं, मी म्हणते यंत्र शिट्टी मारतंय.

सात कागद होते. सहावा तो. तू विचारलं होतंस, "मावशी, यावर तारीख?" मी म्हणाले, "ती नंतर टाकू." तू वाचायला लागलीस तर मी म्हणाले, "अगं सगळेच करतात, वेळ नको घालवू. मागे चार जण उभे आहेत." माझ्या शब्दाखातर तू सही केलीस. नोकरी मी लावली होती ना तुझी.

प्रत्येक नव्या माणसाकडून मी तो कागद घेतला. साखरतोंड्याने सांगितलं, मी टाइप केला. शिक्षक, शिपाई, ग्रंथपाल, सगळे. मी निवृत्त झाले तेव्हा हिरव्या कपाटात एकेचाळीस होते. फाइलवर त्याने नाव घातलं होतं, "सदिच्छा". कुणी जास्त बोललं की तो मला हाक मारायचा, "जरा सदिच्छा आणता का?" एवढ्यानेच माणूस गप्प व्हायचा. तारीख घालायची वेळ माझ्या काळात दोनदाच आली. दोनदाच म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती.

तुला हवं ते मी सांगितलं. पण मला साक्षीला बोलावू नकोस. ऑफिसात माझा फोटो लावलाय त्यांनी, हार घालून निरोप दिला. एकतीस वर्षांच्या इभ्रतीवर पाणी पडेल. मुलगा म्हणतो, या वयात कोर्टकचेरी नको. हे पत्र वाचून फाडून टाक.

मावशी


१८ सप्टेंबर

मावशी,

पत्र फाडलं नाही. कागद कधी फाडू नये, हे मला तूच शिकवलंस.

तो फोटो येता-जाता मी माझ्या कोटाच्या बाहीने पुसायची. डाव्या बाहीने! पुसताना वाटायचं, आपली मावशी आहे.

आता मला दोघांचा सूड घ्यायचाय. त्याचा कसा घ्यायचा ते वकीलबाई बघतायत. तुझा मी स्वतः घेणार, आणि तो एवढाच आहे: तू यायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि या पत्रात लिहिलंस ते सांगायचं. तुझी इभ्रत राहिली तर माझा हात परत येणार आहे का? त्या फाइलमध्ये अजून चाळीस जणांच्या माना आहेत. ग्रंथपालबाई घसा बसला तरी रजा मागत नाहीत. का, ते मला आत्ता कळलं.

समन्स काढता येतं, पण मी काढू देणार नाही. तू आपल्या पायाने यायचं. नाही आलीस तर हे माझं शेवटचं पत्र. डाव्या हाताने लिहायला शिकायला मला आठ महिने लागले, तो मी तुझ्यासाठी झिजवणार नाही.


२ ऑक्टोबर

चि. चिंगी,

येते. मुलाला सांगितलं, फार बोललास तर तुझाही एक राजीनामा माझ्याकडे आहे म्हणून. बिचाऱ्याने लगेच माझी बॅग काढून दिली.

वकीलबाईंना एक गोष्ट सांग आणि त्यांच्याशिवाय कुणाला सांगू नकोस. साखरतोंड्याने बजावलं होतं, या कागदांची आवक वहीत नोंद करायची नाही. पण माझा हात राहीना. टेबलावर कागद आला आणि त्याला नंबर नाही, म्हणजे पोर जन्मलं आणि बारसं नाही. मी वहीत "इतर पत्र" एवढंच लिहून नोंद करायची, आणि कागदाच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने बारीक नंबर टाकायची. तो कधी कागद उलटा करून बघायचा नाही. त्याला फक्त सही दिसायची.

तेव्हा कोर्टाकडून मूळ कागद मागवा, आणि त्या वर्षीची आवक वही. झेरॉक्स नको, झेरॉक्सला पाठ नसते.

खोली तळमजल्यावरची बघ, गुडघे दुखतात.

मावशी


२४ ऑक्टोबर

चि. चिंगी,

सुखरूप पोचले. बस हलली आणि लक्षात आलं की दिवसभर सगळ्यात पुढे बसून मला एक अक्षर ऐकू आलं नाही! यंत्र घातलं तर कोर्टातला पंखा कानात शिरला, म्हणून काढून ठेवलं.

माझं स्वतःचं ठीक झालं. न्यायाधीशबाई सज्जन. प्रश्न कागदावर लिहून देत होत्या, मी उत्तर लिहून देत होते. "तारीख न घालता राजीनामे घेतले का?" लिहिलं, हो. "किती?" लिहिलं, एकेचाळीस. "का घेतले?" तिथे पेन जरा थांबलं. मग लिहिलं, भीतीपोटी, आणि पुढे सवयीने. एकतीस वर्षांत इतकं खरं मी लिहिलं नव्हतं. साखरतोंड्या माझ्याकडे असा बघत होता की कच्चा खाईल. मी त्याला नमस्कार केला.

पण त्याच्या आधी काय झालं? तो आधी हसत होता. मग तुझ्या हातातून पेन पडलं, आणि त्याचा चेहरा उतरला. कोण काय म्हणालं? चहा काय मिळाला तेही लिहिलंस तरी चालेल, पण एक शब्द गाळू नकोस. आयुष्यात एकदाच तमाशा बघायला गेले आणि बहिरी बसले.

मावशी


३० ऑक्टोबर

ती. मावशी,

लिहिते. बोट दुखलं तरी लिहिते, कारण हे लिहिताना फार बरं वाटतं.

वकीलबाईंनी अर्जात हाताबद्दल अवाक्षर घातलं नव्हतं. "सदर तारखेस अर्जदाराने सही केलेली नाही" एवढंच. त्यामुळे तो निवांत होता. बाईंनी विचारलं, "सही कुठे झाली?"

"माझ्या टेबलाशी. माझ्याच पेनाने."

"तुमच्यासमोर?"

"अगदी डोळ्यांदेखत."

"कोणत्या हाताने?"

तो हसला, तू बघितलंस ते तेच हसू. "उजव्या, बाई. माणसं सही उजव्याच हाताने करतात."

"अर्जदाराच्या उजव्या हाताला शाळेत कधी इजा झाली?"

"आमच्याकडे आजवर एकही अपघात नाही. ही अपघात नोंदवही, कोरी आहे. पाहून घ्या." वही त्याने स्वतः आणली होती, मावशी! छातीशी धरून.

मग बाई म्हणाल्या, अर्जदाराने इथेच उजव्या हाताने सही करून दाखवावी. मी खिशातून हात काढला. दीड वर्षात पहिल्यांदा चार लोकांत काढला. पेन धरलं, पडलं. उचललं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा मी उचललंच नाही. फरशीवर तसंच राहू दिलं आणि त्याच्याकडे बघत बसले. तेव्हा तुला त्याचा चेहरा दिसला.

डॉक्टरांचे कागद निघाले, दीड वर्षाचा हजेरीपट निघाला, सगळ्या सह्या कोंबडीच्या. तो म्हणाला, "हात घरी दुखावला असेल." तेव्हा मागच्या बाकावरून शिपाईमामा उठले. साक्षीदारांच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. "साहेब, सुतळी मीच बांधली होती, सरांच्या सांगण्यावरून. रक्त मी पुसलं. माझा कागदही त्या फाइलीत आहे, घाला त्यावर आजची तारीख!" न्यायाधीशबाईंनी त्यांना आधी खाली बसवलं आणि मग रीतसर शपथ देऊन वर घेतलं.

त्यानंतर तू. आणि मग मूळ कागद उलटा केला. चारशे सात. आवक वहीत चारशे सात, एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख, तुझं मोत्यासारखं अक्षर. न्यायाधीशबाईंनी भिंग मागवलं. गरज नव्हती, मला वाटतं त्यांनाही जरा मजा येत होती.

चहा पाणचट होता. तू मला माझा घेऊ दिला नाहीस, दोन्ही प्यालीस.

तुला माफ केलंय का ते विचारू नकोस, मला माहीत नाही. पण तू नमस्कार केलास तो मी बघितला, आणि मला हसू आवरेना.

चिंगी


१६ डिसेंबर

ती. मावशी,

निकाल लागला. राजीनामा रद्द, मी कामावर रुजू, नोकरी अखंड धरायची. "सदिच्छा" फाइल कोर्टाने ताब्यात घेऊन ज्याचा कागद त्याला परत दिला. ग्रंथपालबाईंनी आपला कागद तिथेच फाडला आणि दुसऱ्या दिवशी घसा बसल्याची रजा टाकली. साखरतोंड्याची चौकशी लागलीये. ती होईपर्यंत तो त्याच खुर्चीवर आहे, याचं आधी मला वाईट वाटलं. आता नाही वाटत. का, ते ऐक.

हुकमात एक कलम होतं: अपघाताची नोंद मुख्याध्यापकांनी स्वहस्ते, जखमी कर्मचाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे करावी. काल अकरा वाजता मी ऑफिसात गेले. भिंतीवर तुझा फोटो नाही, खिळा आहे. मी खुर्ची ओढून बसले. त्याने वही उघडली, पहिलं पान, नोंद क्रमांक एक. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. गुरुवार, दुसरा तास. दोनदा लेखी कळवूनही दोरी बदलली नाही. दोरीच्या जागी सुतळी बांधण्यात आली.

तो थांबला. हळूच म्हणाला, "बाई, सुतळी हा शब्द हवाच का? आपलं कुटुंब..."

मी म्हटलं, "हवाच, सर. आणि अक्षर जरा सुवाच्य काढा. बालवाडीचं वाटतंय."

त्याने ती ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. दारात शिपाईमामा उभे होते, उगाच दाराची कडी पुसत. मी पुढे सांगितलं. उजवा हात. अंगठा आणि दोन बोटं कायमची निकामी. खोटं कारण सांगण्यास मुख्याध्यापकांनी भाग पाडले. हे तो स्वतःच्या उजव्या हाताने लिहीत होता. धडधाकट हात, पाचही बोटं मिटणारा. मी त्या हाताकडे बघत राहिले. सिल्व्हर नायट्रेटची बाटली अजून भरलेली आहे, मावशी, आणि किल्लीही परत माझ्याकडे आहे. पण मला तिची आठवणसुद्धा झाली नाही.

शेवटचा रकाना होता, जखमीची सही. त्याने वही माझ्यापुढे सरकवली. मी डाव्या हातात पेन घेतलं. उजव्याने कागद दाबून धरता येत नाही ना, वही सरकायला लागली.

"सर," मी म्हटलं, "जरा धरता का?"

तो उठला, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला आणि वाकून दोन्ही हातांनी ती वही धरून उभा राहिला. मी सही करायला सुरुवात केली. डावा हात आता बऱ्यापैकी चालतो, झटकन झाली असती.

मी सावकाश केली.

चिंगी